पद्मिनी हरकरेंनी ऐकलेलं वाक्य

पद्मिनीताई हरकरे घरून काहीतरी टायपिंगचं काम करतात, एवढंच मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या आम्हा ओळखीच्यांना माहीत होतं. कोणासाठी, कसलं, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्यांचे यजमान पुरुषोत्तमराव तीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकवर काम करून निवृत्त झालेले. मुलगा अनिश सैन्याच्या गाड्यांचं संशोधन करणाऱ्या एका केंद्रात इंजिनियर. अशा घरातली बाई बेसमेंटमध्ये हेडफोन लावून बसते, म्हणजे वेळ जावा म्हणून काहीतरी करत असेल, असं सगळे धरून चालले होते.

मी नीना. त्यांच्या घरापासून चालत सात मिनिटांवर राहते. आमच्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठ गटाची सेक्रेटरी मी आहे, आणि या गोष्टीत माझाही एक भाग आहे. तो मी लपवणार नाही.

पद्मिनीताई मूळच्या नागपूरच्या. लग्नाआधी सात वर्षं त्या हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात स्टेनोग्राफर होत्या. इंग्रजी शॉर्टहँडमध्ये त्यांचा वेग इतका होता, की दोन वकील एकदम बोलायला लागले तरी त्यांची पेन्सिल थांबायची नाही, असं त्या स्वतः नाही, पुरुषोत्तमराव सांगायचे. तिथे त्यांना एक वळण लागलं ते कायमचं. साक्षीदार चुकीचं बोलला तर चुकीचंच लिहायचं. अर्धवट बोलला तर अर्धवट. आपल्या मनाने काही घालायचं नाही आणि गाळायचं तर मुळीच नाही.

अमेरिकेत आल्यावर त्यांनी वीस-बावीस वर्षं डॉक्टरांची डिक्टेशन्स ऐकून टाइप केली. मग ते काम मशीन करायला लागलं. पण मशीनला आपल्या लोकांचं इंग्रजी नीट कळत नाही. तेलुगू डॉक्टर, गुजराती मोटेलवाला, मराठी प्रोफेसर बोलायला लागले की मशीन भलतंच लिहितं. अशा फाइल्स एक कंपनी पद्मिनीताईंकडे पाठवायची. मशीनने लिहिलेला मसुदा समोर, कानात मूळ आवाज, आणि चुका दुरुस्त करायच्या. ताई मात्र आधी जुन्या सवयीने वहीत शॉर्टहँडमध्ये सगळं उतरवून घ्यायच्या आणि मग त्या वहीवरून मशीनचा मसुदा तपासायच्या. असं करायला कोणी सांगितलं नव्हतं. करू नका असंही कोणी म्हटलं नव्हतं, कारण आजच्या काळात कोणी असं करत असेल हे कंपनीला ठाऊकच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सिनेटर हॉलिस ब्रँट यांचा खून झाला. लेकच्या काठी मार्लो हार्बर नावाच्या छोट्या गावात नव्या धक्क्याचं उद्घाटन होतं, भर दुपारी, हजारभर माणसांसमोर. गोळ्या झाडणारा माणूस तिथेच मारला गेला. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. तीन महिन्यांत आयोगाने प्राथमिक निष्कर्ष दिला: एक माणूस, एक बंदूक, तीन गोळ्या.

त्यानंतर सप्टेंबरमध्ये एके दिवशी पद्मिनीताईंनी नवी फाइल उघडली आणि हेडफोनमध्ये ओळखीचा आवाज आला. डेट्रॉइटच्या एका छोट्या रेडिओ स्टेशनवरचा दुपारचा कार्यक्रम होता आणि बोलत होते चंद्रशेखर उकिडवे.

उकिडव्यांना आम्ही सगळेच ओळखत होतो. मंडळाच्या कार्यक्रमात माइक शिट्टी मारायला लागला की लोक त्यांच्याकडे बघायचे. एका मोठ्या कार कंपनीच्या आवाजाच्या लॅबमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. गाडीत कुठेतरी खडखडतंय आणि कुठे ते सापडत नाही, अशी गाडी त्यांच्याकडे यायची. ते डोळे मिटून बसायचे आणि सांगायचे, मागच्या डाव्या दाराच्या आतला तिसरा स्क्रू. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. मुलगी उर्वी न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला.

रेडिओवर ते सांगत होते, की लोकांनी फोनवर घेतलेली खुनाची चित्रफीत त्यांनी शेकडो वेळा ऐकली आहे. त्यात तीन नव्हे, चार आवाज आहेत. आयोग म्हणतो चौथा आवाज म्हणजे धान्याच्या सायलोवरून, त्या उंच कोठारावरून आलेला प्रतिध्वनी. पण सायलोची भिंत इतकी लांब आहे, की प्रतिध्वनी यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागेल. हा पाव सेकंदातच आला आहे.

होस्ट बाईंनी विचारलं, म्हणजे तिथे दुसरा माणूस होता?

उकिडवे इंग्रजीत सावकाश म्हणाले, "आय ॲम नॉट सेइंग देअर वॉज अ सेकंड मॅन. दुसरा आवाज होता, एवढंच मी सांगतो. फळी पडली असेल, गाडीचं दार आपटलं असेल. आयोगाने शोधावं आणि मला सांगावं."

ताईंनी ते वहीत उतरवलं. मशीनने त्यातला 'नॉट' खाल्ला होता. उकिडवे 'नॉट' फार हळू म्हणाले होते. ताईंनी तो घातला आणि फाइल पाठवून दिली. पुरुषोत्तमरावांना त्या दिवशी त्यांनी जेवताना सांगितलं, "आपले चंद्रशेखरभाऊ रेडिओवर होते हो. छान बोलले." कामातलं असं काही घरात सांगायचं नाही असा कंपनीचा नियम होता, पण रेडिओ तर साऱ्या गावाने ऐकलेला.

पुढच्या महिन्यात उकिडव्यांच्या चार फाइल्स आल्या. एक पॉडकास्ट, दोन रेडिओ, एक कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी घेतलेली मुलाखत. सगळ्या एकाच गिऱ्हाइकाच्या. गिऱ्हाइकाचं नाव कंपनी कधी सांगायची नाही, फक्त नंबर असायचा. हा नंबर एक्केचाळीस.

सुरुवातीला एक्केचाळीस नंबरला फक्त शब्द हवे होते. मग फाइलबरोबर एक फॉर्म यायला लागला. बोलणाऱ्याचा सूर कसा: शांत, चिडलेला, गोंधळलेला. होस्टचा कल कुठे. श्रोत्यांचे फोन आले का, त्यांनी नाव आणि गाव सांगितलं का. नोव्हेंबरमध्ये आणखी एक रकाना आला: ऐकणाऱ्याला हे पटण्याची शक्यता किती, एक ते पाच.

"तेव्हाच मला हे सोडायला पाहिजे होतं," ताई मला पुढे म्हणाल्या. "पण नीना, फॉर्म भरायची सवय असते ना आपल्याला. रकाना दिसला की हात आपोआप भरतो."

उकिडव्यांना त्या 'शांत' आणि 'चार' द्यायच्या. खरं तेच द्यायच्या.

हळूहळू त्यांच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. ज्या रेडिओवर उकिडवे एकदा बोलले, तिथून त्यांची दुसरी फाइल कधी येत नव्हती. कॉलेजच्या मुलांचा कार्यक्रम तर बंदच झाला. पॉडकास्टवाल्याने पुढच्या भागात दोन मिनिटं घाईघाईने सांगितलं, की आपण सगळ्या बाजू मांडतो आणि मागच्या पाहुण्याची मतं त्यांची स्वतःची आहेत. तीही फाइल ताईंकडेच आली. त्यात उकिडवे कुठेच नव्हते, तरीही आली.

आता माझा भाग.

डिसेंबरच्या ज्येष्ठ गटाच्या सभेला मी उकिडव्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. खुनाबद्दल नाही, 'आवाज कसा ओळखायचा' असा साधा विषय. मंडळाच्या ईमेलमध्ये त्याची चार ओळींची सूचना गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. एक पुरुष, अतिशय सभ्य आवाज. आयोगाच्या जनसंपर्क कार्यालयातून बोलतोय म्हणाला. सभेला किती लोक येतात, रेकॉर्डिंग होणार का, हॉल कोणाच्या नावावर घेतला आहे, एवढंच त्याने विचारलं. शेवटी माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारून घेतलं आणि थँक्यू म्हणून फोन ठेवला.

व्याख्यान रद्द करा असं तो म्हणाला नाही. एका शब्दानेही सुचवलं नाही. मी दिवसभर स्वयंपाकघरात येरझारा घातल्या. माझ्या सुनेच्या ग्रीन कार्डचा अर्ज तेव्हा अडकलेला होता. संध्याकाळी मी उकिडव्यांना फोन केला आणि हॉल मिळत नाही म्हणून सांगितलं.

"ठीक आहे नीनाताई," ते म्हणाले. "हल्ली हॉल मिळणं कठीणच झालंय."

त्यांना कळलं होतं. मला लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं, हेही खरं आहे.

जानेवारीत एका मोठ्या वर्तमानपत्रात आयोगाच्या प्रवक्त्याच्या हवाल्याने बातमी आली. आयोगावर टीका करणारे कसे बेजबाबदार बोलतात याची उदाहरणं दिली होती. त्यात एक वाक्य होतं: "मिशिगनमधील निवृत्त इंजिनियर सी. उकिडवे यांनी रेडिओवर सांगितले, 'दुसरा माणूस तिथे होता असं मी म्हणतो.'"

पुरुषोत्तमरावांनी ते सकाळी चहा घेताना मोठ्याने वाचून दाखवलं. ताईंनी कप खाली ठेवला. पहिली शंका त्यांना स्वतःचीच आली. आपल्याकडून तर तो शब्द राहिला नाही ना? त्या बेसमेंटमध्ये गेल्या आणि सप्टेंबरची वही काढली. शॉर्टहँडमध्ये 'ॲम नॉट' लिहिताना रेघ निम्मी करतात आणि शेवटी छोटा आकडा वळवतात. पेन्सिलीची रेघ निम्मी होती आणि आकडा स्वच्छ वळवलेला होता. कंपनीच्या पोर्टलवर पाठवलेली फाइल मात्र आता उघडत नव्हती. रेडिओ स्टेशनने कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगही आपल्या साइटवरून काढलं होतं.

त्यांनी कंपनीला ईमेल लिहिली. अमुक तारखेच्या फाइलमध्ये मी दुरुस्ती केली होती, ती वापरली गेली नाही असं दिसतं, कृपया तपासावं. दोन दिवसांनी उत्तर आलं, तपासलं, सगळं ठीक आहे. त्या उत्तराला चुकून एक कागद जोडलेला होता. तो त्यांना पाठवायचा नसणार. मथळा होता, 'समीक्षकांच्या प्रसिद्धीचा साप्ताहिक आढावा', वर आयोगाच्या कार्यालयाचं नाव. खाली अकरा नावं. सातवं नाव उकिडव्यांचं. प्रत्येक नावापुढे ते कुठे बोलले, कोणी बोलावलं, आणि शेवटचा रकाना: 'संपर्क केला'. त्या रकान्यात तारखा होत्या. उकिडव्यांच्या ओळीत आमच्या मंडळाचं नाव होतं आणि मला फोन आला त्या दिवसाची तारीख.

अर्ध्या तासाने कंपनीची दुसरी ईमेल आली, की आधीची जोडफाइल न उघडता काढून टाकावी.

पद्मिनीताईंनी ती काढून टाकली. पण तोवर वहीत उतरवून झालं होतं.

तीन आठवड्यांनी ट्रॉयच्या पब्लिक लायब्ररीत उकिडव्यांनी स्वतःच एक छोटी खोली घेतली आणि लोकांना बोलावलं. ताई जायला निघाल्या तेव्हा पुरुषोत्तमराव दारात उभे राहिले.

"तुला जायची काय गरज आहे? अनिशच्या सिक्युरिटी क्लिअरन्सचं नूतनीकरण चालू आहे, माहितीय ना?"

"लायब्ररीत जातेय मी," ताई म्हणाल्या. "लायब्ररीत जायला कोणाची हरकत असते हो?"

मला त्यांनी बरोबर घेतलं. बर्फ साचलेलं होतं आणि त्यांना अशा रस्त्यावर गाडी चालवायला आवडत नाही. गाडीत मी मला आलेल्या त्या फोनबद्दल काही बोलले नाही.

खोलीत तेरा माणसं होती. उकिडव्यांनी लॅपटॉपवर आवाजाचा आलेख दाखवला, चित्रफीत चार-पाच वेळा ऐकवली. मला तीनच आवाज ऐकू आले. नंतर त्यांनी ती निम्म्या वेगाने ऐकवली तेव्हा कदाचित चार. सांगता येत नाही. शेवटच्या रांगेत एक तरुण मुलगी कोट न काढता बसली होती. तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिचा फोन उपडा ठेवलेला होता.

प्रश्नांच्या वेळी पद्मिनीताई उभ्या राहिल्या. इंग्रजीत, अगदी स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "सर, सप्टेंबरमध्ये तुम्ही रेडिओवर म्हणाला होतात, की दुसरा माणूस होता असं मी म्हणत नाही. पेपरमध्ये उलटं छापलं आहे. तुम्ही तेव्हा नेमकं काय म्हणाला होतात ते पुन्हा सांगाल का?"

उकिडव्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि या वेळी 'नॉट' मोठ्याने म्हटलं.

परतताना मी विचारलं, "ताई, त्यांनी रेडिओवर काय म्हटलं ते तुम्हाला शब्दन् शब्द कसं माहीत?"

लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडी तापत असताना त्यांनी मला सगळं सांगितलं. मला आलेल्या फोनची तारीखसुद्धा. त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "त्या कागदावर तू एकटी नव्हतीस. सत्तावीस तारखा होत्या."

पाचव्या दिवशी पद्मिनीताईंच्या कामाच्या रांगेत नवी फाइल आली. एक्केचाळीस नंबर. पंचावन्न मिनिटं. त्यांनी हेडफोन लावला आणि आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग उकिडव्यांचं खाकरणं. लायब्ररीच्या खोलीतली शांतता त्यांनी ओळखली. शेहेचाळिसाव्या मिनिटाला त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

त्या म्हणाल्या, की आपला आवाज इतका म्हातारा झालाय हे त्यांना आधी माहीत नव्हतं. आणि तो आवाज फोनच्या फार जवळून आल्यासारखा होता, जणू शेवटच्या रांगेतली ती मुलगी त्यांच्याच बाजूला झुकली होती.

मशीनने लिहिलं होतं: 'स्त्री, भारतीय उच्चार, अस्पष्ट.' पुढे प्रश्नाचा अर्धाच भाग आणि 'नॉट' पुन्हा गायब. फॉर्म नेहमीचाच होता. श्रोत्यांपैकी कोण बोललं? नाव माहीत असल्यास लिहा.

ही फाइल मुद्दाम त्यांच्याकडे पाठवली होती की नेहमीप्रमाणे आपोआप आली होती, हे त्यांना कधीच कळलं नाही. त्या तासभर समोर बसून राहिल्या. 'अस्पष्ट' तसंच ठेवून पुढे गेलं असतं तर कोणी विचारलं नसतं. वर पुरुषोत्तमराव वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होते, त्याचा आवाज येत होता. अनिशचा चेहरा डोळ्यांपुढे आला, असं त्या म्हणाल्या. तो लहान असतानाचा नाही, आताचा, चष्म्यातला, काळजीतला.

मग त्यांनी प्रश्न शब्दन् शब्द टाइप केला. दोन्ही 'नॉट' घातले, आपल्या प्रश्नातला आणि उकिडव्यांच्या उत्तरातला. नावाच्या रकान्यात लिहिलं: पद्मिनी हरकरे. गाव: ट्रॉय. सूर: शांत. पटण्याची शक्यता: पाच. आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्टल उघडेना. कंपनीची ईमेल आली, की कामाच्या गरजा बदलल्यामुळे आपली सेवा थांबवत आहोत. अकरा वर्षं काम केल्याचा त्यात उल्लेख नव्हता.

त्याच आठवड्यात त्या वह्यांची पिशवी घेऊन उकिडव्यांकडे गेल्या. त्यांनी सगळं सांगितलं. उकिडव्यांनी चिडायला हवं होतं, पण ते चिडले नाहीत. "म्हणजे एवढे दिवस तुम्ही माझं ऐकत होतात तर वहिनी," ते म्हणाले. "मला वाटायचं कोणी ऐकतच नाही."

"मी त्यांच्यासाठी ऐकत होते, भाऊ. ते लक्षात घ्या."

"लक्षात आलं."

वह्या त्यांना वाचता येणार नव्हत्या. म्हणून दोन दुपारी बसून ताईंनी त्यांना त्यांचं सप्टेंबरपासूनचं बोलणं वाचून दाखवलं. मग एका बँकेत जाऊन नोटरीसमोर प्रतिज्ञापत्रावर सही केली: मूळ वाक्य असं होतं, मी ते असं ऐकलं, असं टाइप केलं. उकिडव्यांनी ते वर्तमानपत्राला पाठवलं आणि आयोगालाही. वर्तमानपत्राने दोन ओळींची दुरुस्ती छापली, मूळ बातमीनंतर सात आठवड्यांनी.

मार्चमध्ये एका बुधवारी सकाळी एक बाई आणि एक पुरुष हरकऱ्यांच्या दारी आले. सरकारी ओळखपत्रं दाखवली. पद्मिनीताईंनी त्यांना बसायला सांगितलं, चहा विचारला. दोघांनीही नको म्हटलं. त्यांच्याकडे तारखांची यादी होती. लायब्ररी, उकिडव्यांचं घर, बँक, पुन्हा उकिडव्यांचं घर. एका तारखेला ताई डेंटिस्टकडे गेल्या होत्या, तीही त्यात होती. तुम्ही अमुक दिवशी इथे होतात हे बरोबर आहे का, एवढंच ते विचारत होते. ताई हो म्हणत होत्या. वह्या त्यांना हव्या होत्या, कंपनीच्या कराराप्रमाणे त्या गिऱ्हाइकाच्या मालकीच्या होतात असं त्या बाईचं म्हणणं होतं. पुरुषोत्तमरावांनी वकिलाला विचारल्याशिवाय देणार नाही असं सांगितलं.

निघताना त्या माणसाने एक वही उलटून पाहिली आणि सहज विचारलं, "हे अजून कोणाला वाचता येतं?"

"इथे कोणालाच नाही," ताई म्हणाल्या.

"गुड टु नो," तो म्हणाला.

वकिलाने वह्या द्यायला सांगितलं. देण्याआधी पुरुषोत्तमरावांनी दोन दिवस बसून प्रत्येक पानाचा फोटो काढला. पावती मिळाली: वह्या नऊ.

अनिशच्या क्लिअरन्सचं नूतनीकरण नाकारलं गेलं नाही. मंजूरही झालं नाही. एप्रिलमध्ये त्याला त्याच्या प्रोजेक्टवरून काढून दुसऱ्या इमारतीत बसवलं, तिथे तो आता ट्रेनिंगची पुस्तकं तपासतो. त्याच्या शेजाऱ्यांकडे कोणीतरी चौकशी करून गेलं होतं. तो आईशी रोज बोलतो का, घरी कोणत्या भाषेत बोलतो. या बदलीचा आईच्या प्रकरणाशी संबंध लावणारा एकही कागद नाही. अनिशने कारण विचारलं तेव्हा रुटीन आहे असं सांगितलं गेलं.

तो घरी आला तेव्हा मी तिथेच होते, मेथीची जुडी द्यायला गेले होते.

"आई, तुला ते नाव लिहायची काय गरज होती?" तो म्हणाला. "यू कुड हॅव लेफ्ट इट ब्लँक. जस्ट ब्लँक."

"होतं ते लिहिलं रे."

"नोबडी वॉज आस्किंग यू."

"विचारलं होतं," ताई म्हणाल्या. "फॉर्मवर विचारलं होतं."

अनिश बाहेर जाऊन गाडीत बसला. वीस मिनिटांनी परत आला आणि जेवला. त्याने भांडण वाढवलं नाही. पण पुढचे दोन महिने तो रविवारी आला नाही.

उकिडव्यांना उर्वी येऊन वेस्ट विंडसरला घेऊन गेली. त्यांचं घर विकायला लागलं. जाण्याआधी ते सगळ्यांना भेटून गेले, मलाही. मी त्यांना खरं सांगितलं, हॉलचं. ते म्हणाले, "माहीत होतं हो मला. तुम्ही फोनवर बोलताना दोनदा श्वास घेतलात." आता ते कुठे बोलत नाहीत. उर्वीच्या नवऱ्याची नोकरी औषधांच्या सरकारी परवानग्यांशी संबंधित आहे आणि तिथल्या घरात या विषयावर बोलायचं नाही असं ठरलं आहे.

आयोगाचा अंतिम अहवाल सप्टेंबरमध्ये आला. आठशे पानं. चौथ्या आवाजाबद्दल एक परिच्छेद होता: प्रतिध्वनी किंवा तत्सम कारण. परिशिष्टात टीकाकारांची यादी आणि त्यांची विधानं होती. उकिडव्यांचं वाक्य पेपरात छापलं होतं तसंच, 'नॉट'शिवाय. खाली बारीक अक्षरात टीप: 'एका माजी टंकलेखिकेने या विधानाच्या शब्दांबद्दल वेगळं मत नोंदवलं आहे. मूळ ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.'

पद्मिनीताईंनी ती टीप मला त्यांच्या फोनवर दाखवली. आम्ही त्यांच्या घरामागच्या पायवाटेवर चालत होतो. हल्ली त्या असं काही घरात दाखवत नाहीत.

"मत," त्या म्हणाल्या. "मी मत कधी नोंदवलं गं? सात वर्षं कोर्टात बसले, एकदाही मत नोंदवलं नाही."

मी विचारलं, की पुन्हा तशी वेळ आली तर नाव लिहाल का. त्या म्हणाल्या, की अनिशला विचारून लिहीन. आणि थोड्या अंतराने म्हणाल्या, की तो नको म्हणेल आणि मग काय करीन ते मला माहीत नाही.

अनिश आता पुन्हा रविवारी येतो. आल्या आल्या तो सगळ्यांचे फोन गोळा करतो आणि गॅरेजमध्ये फ्रीजरवर नेऊन ठेवतो. मी गेले असले तर माझाही. मग आम्ही जेवायला बसतो. पुरुषोत्तमराव भाजीत मीठ कमी आहे म्हणतात, ताई वाढतात, अनिश रस्त्याच्या कामाबद्दल बोलतो. मधेच बाहेर एखादी गाडी हळू झाली की चौघंही बोलायचं थांबतो, आणि ती पुढे गेली की कोणीतरी पुन्हा सुरू करतं.